फोटोबंदीच्या अर्जाला जोडलेला फोटो

ता. ८ जानेवारी १८९४, सोमवार. ठाणे.
आजपासून रोजनिशी. इंग्रज लोक लिहितात. कचेरीतून अव्वल कारकून म्हणून पेन्शन घेतली. काम शिरस्तेदाराचेच करीत असे, पण ते असो. वाटले होते, अडले की लोक विचारायला घरी येतील. अजून कोणी आले नाही. संकोच करीत असतील.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. तपकीर बंद. एखादे सार्वजनिक काम अंगावर घेणे.
आज आठला उठलो. थंडी फार. तपकीर उद्यापासून. डबीत आहे तेवढी संपली पाहिजे. टाकून देणे बरे नव्हे.

ता. ११, गुरुवार.
सार्वजनिक काम मिळाले.
सकाळी तलावावर संध्येला गेलो होतो. घाटावर एक साहेब, हातात लहानशी पेटी. हल्ली अशा पेट्या निघाल्या आहेत म्हणे. तिवई नको, डोक्यावर काळे फडके नको, खटका दाबला की फोटो. मी पायरीवरच होतो. डोळे मिटले, हात जोडले, पाठ ताठ केली. संध्येत तसेच उभे राहतात. बराच वेळ तसा उभा होतो, पाठीत उसण भरली. शेवटी डोळे उघडले तर साहेब मला हाताने ‘जरा बाजूला’ असे खुणावत होता. माझ्या मागे कोणाची तरी म्हैस डुंबत होती. तिचा काढला.
अपमान माझा नाही, गावाचा आहे. घाटावर आपल्या बायका पाणी भरतात, धुणी धुतात. उद्या त्यांचे फोटो विलायतेत लोकांच्या दिवाणखान्यात लागतील. हे बंद झाले पाहिजे.
पाठ शेकली. तपकीर ओढली, उसणीवर बरी असते.

ता. १४, रविवार.
देव पाठीशी आहे. म्युनिसिपालिटीत एका मेंबराने सूचना आणली आहे: घाट, देवळांची आवारे, बाजार आणि रस्ते इथे परवानगीवाचून फोटो काढण्यास मनाई असावी. नोटीस लागली. लोकांनी आपले म्हणणे फेब्रुवारीअखेर लेखी कळवावे. माझ्या मनातले त्यांना कसे कळले, नवल आहे.
लगेच बाजारात जाऊन लोकमत घेतले. न्हावी म्हणाला, फोटोने आयुष्य घटते. त्याच्या मामाचा काढला आणि मामा गेला. कधी गेला विचारले. बऱ्याच वर्षांनी, म्हातारा होऊन. किराणावाला म्हणाला, मनाई खुशाल करा पण माझ्या दुकानासमोर नको, मला दुकानाचा काढून घ्यायचा आहे. वाचनालयातली पोरे म्हणाली, नुसत्या डोळ्यांनी बघायला मनाई नाही तर काचेतून बघायला का. उद्धट आहेत. फुलवालीने विचारले, मनाई व्हायच्या आधी एखादा काढून मिळेल का.
एकूण लोकमत माझ्या बाजूचे आहे.

ता. १७, बुधवार.
विरोधाला घरातूनच सुरुवात झाली. आमची मालन रथसप्तमीनंतर सासरी जायची, अमरावतीला. लग्न झाले तेव्हा परकर सावरता येत नव्हता, आता शहाणी झाली, पाठवणी करायला हवी. कुटुंबाचे म्हणणे, जायच्या आधी तिचा एक फोटो काढून ठेवावा.
मी शांतपणे समजावले. ज्या घरातून फोटोबंदीची चळवळ निघायची त्याच घरात फोटो! लोक तोंडात शेण घालतील. कुटुंब ऐकून घेत होते. मग पोळी लाटता लाटता म्हणाली, “तुळसाचा चेहरा मला आता धड आठवत नाही.”
तुळसा आमची थोरली. नाशिककडे दिली होती, पहिल्या बाळंतपणात तिथेच गेली. निरोप आला तेव्हा सगळे उरकले होते. नाक माझ्यासारखे होते, एवढे मला पक्के आठवते. कुटुंब म्हणते, नव्हते. माझ्यासारखे नाक मालनचे.
असेल. या विषयावर जास्त लिहीत नाही. फोटोबंदीवर वर्तमानपत्रासाठी लेख लिहायला सुरुवात करायची होती, राहिली.

ता. २१, रविवार.
देवळाच्या ओवरीत जाहीर सभा. हजर: मी, त्र्यंबकशास्त्री, भातगिरणीचे महिपतराव, आणि एक गृहस्थ जे आधीपासून तिथे झोपलेले होते. झोपलेल्यांचा विरोध नव्हता. ठराव एकमताने पास.
प्रेसिडेंट महिपतराव, कारण सतरंजी त्यांची. सेक्रेटरी मी. शास्त्रीबोवांनी सांगितले की फोटोला धर्मशास्त्रात कुठेही आधार नाही. टाळ्या वाजवल्यावर म्हणाले, विरुद्धही काही नाही. हे दुसरे वाक्य मी इतिवृत्तात घेतले नाही.
थकलो. गावाचे काम म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. पण कोणीतरी भाजल्या पाहिजेत.

ता. २५, गुरुवार.
अर्जाचा मसुदा तयार. भाषा जोरदार आहे. एक वाक्य तर इतके लांब जमले की शेवटी येईपर्यंत कर्ता कोण ते मलाच पाहावे लागले.
जुना सोबती कचेरीत भेटला. म्हणाला, हल्ली नुसत्या सह्यांवर कोणी विश्वास ठेवीत नाही. मागे कोंडवाड्याविरुद्ध एक अर्ज आला होता, त्यात निम्मे सह्या करणारे केव्हाच वारलेले निघाले. अर्जदार खरोखर हयात आहेत याला पुरावा लागतो.
मी म्हणालो, मी आहे ना. तो हसला. माझ्याबद्दल आदर असावा.

ता. २८, रविवार. दुपार.
बाळकुमला छकड्यातून जाऊन आलो. तिथल्या मिठागरावरही तो साहेब पेटी घेऊन फिरला होता आणि मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बायकांचे फोटो काढून गेला. तिथले काळुराम वजनदार माणूस, शेती आहे, मिठागरात भागी आहे. मी त्यांना पाश्चात्त्य यंत्रांपासून आपल्या समाजाला असलेला धोका समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, “ईचारून कारला तं हरकत नाय. न ईचारता कारला, ती चोरी.” मुद्दा त्यांच्या नीट लक्षात आलेला दिसला नाही. तरी अंगठे द्यायला तयार झाले.
मध्येच त्यांची आई आवडाबाई बाहेर आली. तिने विचारले, फोटूचे कागद आहेत ना हे, मग फोटू कधी. मी सांगितले, फोटो बंद करण्याचे कागद आहेत. म्हातारी म्हणाली, “मना मदी बसवा. मंग अंगठा.”
अडाणीपणा. पण छकड्यात बसल्यावर एकदम सुचले. अर्जदार हयात आहेत याला पुरावा हवा ना? सगळ्या अर्जदारांना एकत्र बसवून एक फोटो काढायचा आणि तो फोटोबंदीच्या अर्जालाच जोडायचा! नावनिशी, चेहऱ्यासकट. कोणाची हिंमत आहे नाही म्हणायची? अशी कल्पना कचेरीत असताना सुचली असती तर शिरस्तेदार झालो असतो.

ता. १ फेब्रुवारी, गुरुवार.
कल्याणला गेलो. मुंबईचे फोटोग्राफर तानाजीमास्तर लग्नसराईसाठी तिथे मुक्कामाला आहेत. मोठी पेटी, तिवई, काळे फडके, सगळे रीतसर. अशा फोटोला माझा विरोध नाही. विरोध हातातल्या पेटीला आहे. तारीख ठरली, रविवार १८. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुण्याला जाणार, परत पावसाळा संपल्यावर.
कशासाठी फोटो हवा ते सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. भारावले असावेत.
कल्याणकरांच्याही सह्या घ्याव्यात म्हणून दोघा-चौघांशी बोललो. तुमच्या तलावाशी आमचा काय संबंध, म्हणाले. संकुचित वृत्ती.

ता. ४, रविवार.
फोटो निघणार हे गावात पसरले आणि काय सांगावे, अर्जावर सह्यांची रीघ लागली. किराणावाला आला. आयुष्य घटते म्हणणारा न्हावी नवे धोतर घेऊन विचारायला आला की काठ दिसेल ना. वाचनालयातली उद्धट पोरेसुद्धा आली. एकाने विचारले, सही केली नाही तर कडेला उभे राहता येईल का.
लोकजागृती म्हणतात ती हीच.

ता. ८, गुरुवार.
कुटुंब बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भाजी वाढू का एवढेच.
विचार केला. सेक्रेटरी झालो तरी बाप आहे. फोटोग्राफर गावात येतोच आहे. अर्जाचा फोटो झाला की तिथेच, देवळाच्या मागच्या बाजूला, कोणी नसताना मालनचा एक काढून टाकू. मागची बाजू ही सार्वजनिक जागा धरता येत नाही. तत्त्वाला बाध नाही.
घरात सांगितले. कुटुंबाने वर पाहिले, मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, मला वाटलेच होते तुम्ही नाही म्हणणार नाही. असे तिला का वाटले कळत नाही, मी नाहीच म्हटले होते. संध्याकाळी शिरा केला.
मालन तेव्हापासून तुळशीपाशी बसून श्वास धरून न हलण्याचा सराव करते. फोटोत हलायचे नसते हे तिला कोणी सांगितले कोण जाणे. मी हाक मारली तरी हलली नाही, नुसते डोळे हसले.

ता. १२, सोमवार. रथसप्तमी.
अमरावतीहून पत्र. मालनचा दीर तिला न्यायला येतो. तो शाळामास्तर, रजा तेवढीच, म्हणून बुधवारी २१ तारखेला निघायचे. कुटुंब म्हणते बुधवारी लेक पाठवत नाहीत. जाशील बुधी तर येशील कधी. मी म्हटले, रेल्वेला वार माहीत नसतो. मग उगाच बोललो असे वाटले.
दिवसभर हळदीकुंकवाच्या बायका येत होत्या. घरात फोटो या एकाच विषयावर बोलणे. एकीने विचारले, अहो, फोटो बंद करायचा म्हणतात ते तुमचेच ना हे? कुटुंबाने काय उत्तर दिले ते ओटीवरून ऐकू आले नाही. हसू मात्र आले.

ता. १५, गुरुवार.
खुर्च्यांचा प्रश्न बिकट. खुर्च्या चार. प्रेसिडेंट एक, शास्त्रीबोवा दोन, सेक्रेटरी तीन. चौथीवर किराणावाला हक्क सांगतो कारण खुर्च्या त्याच्या मेहुण्याच्या. काळुराम पाहुणे, त्यांना खाली बसवणे बरे दिसत नाही. त्यावर शास्त्रीबोवांना काही बोलायचे आहे पण ते माझ्यामार्फत. मी सविस्तर नकाशा काढला. दोघांना दाखवला, दोघेही रुसले. लग्नात व्याह्यांची मर्जी राखणे सोपे.
लेख अजून सुरू झालेला नाही. चळवळीतून सवड नाही.

ता. १८, रविवार. संध्याकाळ.
फोटो झाला.
सगळे क्रमाने लिहितो, म्हणजे दोष कोणाचा ते स्पष्ट होईल.
मास्तर वेळेवर आले. त्यांच्याकडे तीनच काचा उरल्या होत्या, बाकीच्या कल्याणच्या लग्नांत खपल्या. एका काचेवर एक फोटो. ठरले असे: पहिली अर्जाची. बिघडली तर दुसरी. तिसरी मालनची. कुटुंब तिला घेऊन देवदर्शनाच्या निमित्ताने आले होते. मालन हिरव्या शालूत, आईची नथ घातलेली. दीपमाळेच्या पायरीवर बसून राहिली. शालू चुरगळू नये म्हणून पाठ टेकली नाही.
भर दुपारी मास्तरांनी उन्हाच्या समोर खुर्च्या मांडल्या. मंडळी बसली. मास्तर काळ्या फडक्यात शिरले, भिंगावरचे झाकण काढले, आणि तेवढ्यात त्र्यंबकशास्त्री ताडकन उठले. आपले तोंड कुठल्या दिशेला आहे हे त्यांना त्या क्षणी कळले. दक्षिणेला! म्हणाले, दक्षिणेकडे तोंड करून काय पिंड ठेवायला बसलो आहोत? झाले. सगळेच उठले. न्हावी तर धोतर झाडू लागला. पहिली काच गेली.
मास्तरांनी हात जोडून सांगितले की थंडीत ऊन दक्षिणेकडूनच येते, उत्तरेला तोंड केले तर चेहरे काळे येतील आणि जास्त वेळ न हलता बसावे लागेल. शास्त्रीबोवा म्हणाले, चेहरा काळा आला तरी चालेल. मला हे पटले. आपल्या चालीरीती सांभाळण्यासाठीच तर ही चळवळ. सगळ्या खुर्च्या फिरवून उत्तरेला तोंड केले. आता ऊन पश्चिमेला कलेपर्यंत थांबणे भाग होते.
या थांबण्यात घोटाळा झाला. काळुराम मंडळी बाळकुमहून आली. आवडाबाई सरळ जाऊन मधल्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन. ती प्रेसिडेंटची. महिपतराव म्हणाले, उठवा. कोण उठवणार? काळुराम म्हणाले, आईला रावसाहेबांनी शब्द दिलेला आहे. रावसाहेब म्हणजे मीच. महिपतराव सतरंजी गुंडाळून घरी गेले. मी त्यांच्यामागे गेलो, समजूत घातली, माझी खुर्ची त्यांना दिली, सतरंजी पुन्हा अंथरली. मला उभे राहावे लागले, अगदी कडेला, दीपमाळेशी. पुढाऱ्याने त्याग करावा.
दुसरी काच. सगळे बसलेले, सगळे स्तब्ध. मला शिंक आली. धूळ फार होती. शिंक झाल्यावर शुभकार्य पुढे कसे न्यायचे? अर्धी मंडळी आपसूक उठली. काही जणांनी माझ्या डबीकडे पाहिले. तपकिरीचा काही संबंध नाही.
राहिली तिसरी. ऊन खाली उतरले होते. मास्तर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “रावसाहेब, ही शेवटची. पोरीसाठी ठेवलेली.”
हळू म्हणाले तरी सगळ्यांनी ऐकले. महिपतराव म्हणाले, सेक्रेटरींनी ठरवावे. सगळे गाव माझ्याकडे बघत होते. इतकी माणसे माझ्या तोंडाकडे बघत आहेत असे कचेरीत एकदाही झाले नव्हते. कुटुंब समोर, मास्तरांच्या पेटीपलीकडे बकुळीखाली उभे होते. तिच्याकडे पाहिले नाही.
मी म्हणालो, “अर्जाचा काढा.”
मास्तरांनी काढला. बराच वेळ झाकण उघडे होते. मध्येच न्हावी काहीतरी पुटपुटला, म्हणून मी वळून त्याला गप्प राहा असे सांगितले. शिस्त राखणे सेक्रेटरीचे काम. मग टाळ्या. मास्तरांनी गाशा गुंडाळला.
घरी येताना मालन म्हणाली, असू दे बाबा, माझा सराव चांगला झाला होता. कुटुंब पुढे चालत होते.
थकलो. लिहवत नाही.

ता. १९, सोमवार.
संकल्प: उद्या पहाटेच्या गाडीने मालनला मुंबईला नेऊन एखाद्या फोटोवाल्याकडे बसवून आणणे. घरात सांगितले. कुटुंब म्हणाली, बरे.
संध्याकाळी महिपतराव आले. अर्जावर ‘आपले नम्र सेवक’ लिहावे की ‘आज्ञाधारक’ यावरून कमिटीत वाद, उद्या सकाळीच बैठक. सेक्रेटरी नसला तर कसे चालेल? दुपारच्या गाडीने नेईन.

ता. २०, मंगळवार.
बैठक लांबली. ‘नम्र’ ठरले. घरी आलो तर मालनचा दीर येऊन बसलेला. त्याला सोडून मुंबईला कसे जायचे, आणि लाडू व्हायचे होते. कुटुंबाने विचारलेही नाही. मीच विषय काढला. म्हणाली, “राहू दे आता.”

ता. २१, बुधवार. कल्याण स्टेशन.
मेल इथून पकडायची म्हणून कल्याणपर्यंत सोबत आलो. कुटुंब घरीच राहिली. दारातच काय व्हायचे ते झाले. मालन खिडकीशी बसली. मी तिला सांगितले की पत्र घाल, वडीलधाऱ्यांचे ऐक, तब्येत जप. आणखी काही सांगायचे होते ते आठवले नाही. गाडी हलली तेव्हा नीट पाहून घ्यावे म्हणून डोळे मोठे केले. इंजिनाचा कोळसा गेला डोळ्यात.
बाकावर बसून लिहीत आहे. ठाण्याची गाडी यायला वेळ आहे.
नाक खरोखर माझ्यासारखे आहे.

ता. २८, बुधवार.
अर्ज दाखल केला. फोटोची प्रत मास्तर पुण्याहून पाठवणार, ती मागाहून जोडू असे लिहिले. मुख्य पुरावाच मागाहून! वरातीमागून घोडे. पण मजकूर जोरदार आहे.
कुटुंब दिवसभर कामात असते. कालवण अळणी झाले होते. तसेच जेवलो.

ता. ४ मार्च, रविवार.
फोटो आला. दोन प्रती. एक अर्जाला, एक सेक्रेटरीकडे.
मोठ्या उत्सुकतेने उघडला. महिपतरावांचा चेहरा काळा आला आहे, पण पगडी ओळखू येते. शास्त्रीबोवाही काळे. आवडाबाई मधोमध, तिला कसलीच अडचण आलेली दिसत नाही, महाराणीसारखी बसली आहे. न्हाव्याच्या धोतराचा काठ स्पष्ट.
मी कडेला. म्हणजे मी असणार. माझ्या कोटावरून आणि दीपमाळेवर टेकलेल्या हातावरून ओळखता येते. मानेच्या वर एक धुरकट गोळा आहे. त्याला दोन्हीकडे नाक आहे. शिस्त राखताना असे होते.
आणि माझ्या हातामागे, दीपमाळेच्या पायरीवर, मालन. तिला कोणी बसवले नव्हते, ती आपली पाळी येईपर्यंत बसली होती एवढेच. पण पश्चिमेचे ऊन नेमके तिच्यावर. सगळ्या फोटोत अजिबात न हललेली ती एकटी. नथीचा मोती मोजावा असा आला आहे. तोंड जरा वर केलेले, कुठेतरी बघते आहे. समोर मास्तर होते, त्यांच्याकडे नाही.
कुटुंबाला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, हात पुसले, फोटो उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग माझ्याकडे न देता देवघराशी ठेवला. मी म्हटले, ती कमिटीची प्रत आहे. ऐकू गेले नसावे.

ता. ८, गुरुवार.
म्युनिसिपालिटीचे उत्तर आले. सूचना दप्तरी दाखल. कारण असे दिले आहे की अर्जदारांनी स्वतःच देवळाच्या आवारात, परवानगी न घेता, एकत्र बसून खुशीने फोटो काढून घेतलेला असल्याने लोकांची या गोष्टीला मुळात हरकत दिसत नाही. फोटो सबळ पुरावा म्हणून जोडलेलाच होता.
महिपतरावांना सांगायला गेलो. ते म्हणाले, ते जाऊ द्या, मास्तरांचा पत्ता द्या, प्रती मागवायच्या आहेत, गिरणीत लावतो. शास्त्रीबोवांनाही एक हवी. काळुरामचा निरोप आहे, आईसाठी मोठी मिळेल का. न्हाव्याने तर विचारले, पुढच्या वर्षी पुन्हा कशाविरुद्ध तरी अर्ज करायचा का.
सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. कोणाला द्यायचा कळेना. कमिटी आहे की नाही हे कोणालाच माहीत नाही.

ता. ११, रविवार.
जेवून पडलो होतो. उठलो तर कुटुंब ओटीवर कात्री घेऊन बसलेली. पुढ्यात फोटो. मालनला कापून घेतले होते, शालूच्या काठाकाठाने, कापडाचा नाजूक तुकडा काढावा तसे. बाकीचा फोटो, सगळी कमिटी, बाजूला पडलेली. दीपमाळेच्या जागी भोक, आणि भोकाच्या काठाला मी, एका बाजूने हात नसलेला.
मी विचारले, हे काय केलेस? म्हणाली, फणेरपेटीच्या आरशात लावते, वेणी घालताना दिसेल.
मी जवळ बसलो. पोरीचा तुकडा हातात घेतला. ती बघत कुठे होती ते मला काही केल्या कळत नव्हते, म्हणून विचारले. कुटुंब म्हणाली, “माझ्याकडे. मी बकुळीखाली होते ना. आई, माझी पाळी आली का, असे विचारत होती.”
तुकडा तसाच उजेडात धरून बसलो. कुटुंबाने तो परत मागितला नाही.
मग लक्षात आले की मालनच्या तुकड्यात, तिच्या खांद्याशी, माझा हात तसाच आहे. मनगटापासून बोटांपर्यंत, अगदी स्वच्छ, जराही न हललेला. मी म्हटले, माझा हात तेवढा ठेवलास.
कुटुंबाने तुकडा माझ्या हातून घेतला, पदराने पुसला आणि म्हणाली, “काढणार होते. पण तो काढायला गेले तर तिचा पदर तुटत होता.”